स्विफ्टला ऑटोक्रॉससाठी १७ चे अलॉय घालू का?

मानेवाडा_११९७

नमस्कार मंडळी. गाडी २०१९ ची स्विफ्ट झेडएक्सआय, पेट्रोल, ६१ हजार झालेली. कंपनीचेच १५ इंची अलॉय, टायर १८५/६५ आर१५ (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची भिंत म्हणजे साइडवॉल रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची). टायर गोटा व्हायच्या बेतात आहेत, नवे घ्यायचेच आहेत, तर म्हटलं रिमसकट एकदाच उरकून टाकू.

कारण असं की पुढच्या महिन्यात कळमेश्वरकडे एका मैदानावर ऑटोक्रॉस (प्लास्टिकचे कोन मांडून एकेका गाडीची वेळ मोजायची स्पर्धा) होऊन राहिला आणि पोट्ट्यांनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं. फेब्रुवारीत कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे करायचाही बेत आहे. गाडी चालवतच नेणार, ट्रेलरबिलर काही नाही. बाकी वर्षभर हीच गाडी इथे नागपुरात मिहानला ऑफिसात जाते आणि महिन्यातून दोनदा आईला घेऊन उमरेडला.

कामठी रोडवर एका दुकानात १७ इंची अलॉय दाखवले. काळे, आठ भोकांचे, २०५/४५ टायरसकट ५८ हजार, जुने चार परत घेऊन. तो म्हणतो टायर जितका रुंद तितकी पकड जास्त, आणि साइडवॉल लहान म्हणजे वळणात गाडी डोलत नाही. बजेट साठच्या आत आहे. करून टाकू का? गाडी बाबांच्या नावावर आहे आणि त्यांना यातलं अजून काही माहीत नाही, हेही सांगून ठेवतो.

पोलो_त्रिमूर्तीनगर

१७ नको, १६ घे. माझ्या पोलो जीटीला कंपनीचेच १९५/५५ आर१६ आहेत. बाहेरचा व्यास काढून बघ, तुझ्या १८५/६५ आर१५ पेक्षा एक मिलिमीटरचाही फरक नाही. बलेनोलाही हेच माप येतं, आणि बलेनोचं रिम स्विफ्टला बसतं, दोघांचीही चार भोकं १०० च्या पीसीडीवर, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. कोणी अलॉय बदलून टाकलेला सेट सेकंडहँड शोध, टायर मिशेलिन किंवा योकोहामाचे टाक, विषय संपला. दिसायलाही बरी दिसेल गाडी.

जुनी_झेन

बाबू, पैसे दिले नसशील तर देऊ नको. दिले असशील तर परत मागायला आजच जा.

मी हिंगणा एमआयडीसीत टूलरूममध्ये पंचवीस वर्षं काढली. त्यामुळे कोणी 'हलकं आहे' म्हटलं की मी काटा मागतो. २०१४ साली माझ्याही स्विफ्टला असेच १७ घातले होते. बसवून झाल्यावर गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर दोन्ही चाकं ठेवली. १५ चं टायरसकट साडेचौदा किलो, १७ चं एकोणीसला थोडं कमी. म्हणजे चार चाकांचे मिळून सतरा-अठरा किलो जास्त. भंगारवाला म्हणाला, साहेब, माल चांगला आहे, देता का? तेव्हाच द्यायला पाहिजे होते.

तू म्हणशील अठरा किलो म्हणजे मागच्या सीटवर एक शाळकरी पोरगा. तसं नाही ना ते. सीटवरचा पोरगा नुसता पुढे जातो. चाकाचं वजन पुढेही जातं आणि गरगर फिरतंही, आणि मोठ्या रिमचं वजन मध्यापासून लांब, कडेला असतं. त्याला फिरवायला ताकद लागते आणि थांबवायलाही लागते. तुझ्या इंजिनात घोडे ८३. ऑटोक्रॉस म्हणजे पहिला-दुसरा गिअर, पळ-थांब-वळ, पळ-थांब-वळ. प्रत्येक कोनाला वळसा घालून निघताना ते वजन तुलाच ओढायचं आहे. शिवाय हे वजन स्प्रिंगच्या खालचं. गाडीच्या बॉडीला स्प्रिंग सांभाळते, चाकाला कोण सांभाळणार? जड चाक खडबडीत जागी उड्या मारतं, आणि हवेत असलेल्या टायरची पकड शून्य.

वर्षभरात दोन रिम वाकले माझे. एक वर्धा रोडवर मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा, दुसरा घरासमोरच्या चेंबरच्या झाकणावर. ४५ ची साइडवॉल म्हणजे रस्ता आणि रिम यांच्यात बोटभर रबर. उमरेडला आईला घेऊन जातोस ना, तिच्या कमरेला विचारून घे.

आता 'रुंद म्हणजे पकड'. हे अर्धं खरं. रबर कुठल्या जातीचं आहे ते आधी बघायचं, रुंदी नंतर. स्वस्तातला कडक २०५ पेक्षा मऊ रबराचा १८५ चांगला धरतो, मी दोन्ही चालवलेत. दुकानदार तुला ५८ हजारांत रिम आणि टायर दोन्ही देऊन राहिला, तर टायरवर कोणतं नाव आहे ते तू लिहिलंच नाहीस. म्हणजे तूही बघितलं नाहीस.

पोलोवाल्या भाऊंचा हिशेब बरोबर आहे, व्यास जुळतो. पण १६ मध्ये जाऊन मिळतं काय? साइडवॉल थोडी कमी, वजन थोडं जास्त, टायर महाग. स्विफ्टच्या वजनाला १५ पुरतं. मी असतो तर दोनपैकी एक केलं असतं.

एकच सेट ठेवायचा असेल तर कंपनीच्याच रिमवर १९५/६० आर१५. व्यास ६२१ वरून ६१५ मिलिमीटर होतो, एक टक्काच फरक. भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, ८८ चा ८८ राहतो. मीटरला कळतही नाही. रिमच्या आतल्या बाजूला रुंदी कोरलेली असते ती वाच. १९५/६० ला साडेपाच ते सात इंची रिम लागतं. तुझं त्याहून अरुंद निघालं तर १८५/६५ लाच राहा, कारण अरुंद रिमवर टायर मडक्यासारखा फुगतो आणि वळणात मुरगळतो.

दुसरा सेट परवडत असेल तर ६ किंवा साडेसहा रुंदीचे हलके १५ आणि त्यावर १९५/५५. इथे व्यास ५९५ वर येतो, चार टक्के कमी. याने गिअर जणू चार टक्क्यांनी आखूड झाले, सुटायला गाडी चपळ. पण मीटर १०० दाखवेल तेव्हा तू ९६ वर असशील, आणि गाडी १३ मिलिमीटर खाली बसेल. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३, त्याचा होईल १५०. आपल्या कॉलन्यांमधले स्पीडब्रेकर कोणी आणि कशाने मोजून बांधले ते तुला माहीतच आहे. म्हणून हा सेट फक्त खेळायचा, रोजचा नाही.

हवेचं सांगतो, कारण यात पैसे लागत नाहीत आणि म्हणूनच कोणी करत नाही. स्वतःचा गेज घे, पंपावरच्या गेजवर जाऊ नको. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे दहा-पंधरा अंश असतात. १५ अंशाला ३० पीएसआय हवा भरलीस आणि ट्रॅकवर टायर ६० अंशाला गेला, की तीच हवा ३७ होते. टायर तोच, पकड वेगळी. म्हणून ट्रॅकवर दोन फेऱ्या मारून आत यायचं, गरम असतानाच मोजायची आणि जास्तीची सोडायची. मात्र परत निघताना टायर थंड झाल्यावर हवा भरून घ्यायला विसरू नको. मी एकदा विसरलो आणि २५ वर अदिलाबादपर्यंत आलो.

ऑटोक्रॉसला उलटं. एक फेरी मिनिटभराची, टायर तापायच्या आत संपते. तिथे थंडा असताना धरणारं रबर पाहिजे. ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं सलग रगडायचं असतं, तिथे फार मऊ रबर वितळून पापुद्रे निघतात. एकच टायर दोन्हीकडे पहिला येणार नाही, हे आधीच पटवून घे.

किती हवा ठेवू असं विचारशील. खडू घे. टायरच्या खांद्यावरून साइडवॉलपर्यंत तीन ठिकाणी रेघ मार आणि एक फेरी मार. बऱ्याच टायरला खांद्याशी बारीक त्रिकोण असतो. रेघ त्रिकोणापर्यंत पुसली तर हवा बरोबर, त्याच्याही खाली पुसली तर टायर मुरगळून राहिला, दोन भर. त्रिकोणाच्या वरच थांबली तर दोन सोड. माझ्याकडे शंभर पानी वहीत २००९ पासूनची हवा लिहिलेली आहे, तारीख, जागा, सकाळचं तापमान. बायको त्या वहीला पोथी म्हणते.

एक राहिलं. मैदान डांबरी आहे की मातीचं? सगळं लिहिलंस, हेच लिहिलं नाहीस.

अलाइनमेंटवाली_वर्धमाननगर

काकांनी वजन आणि हवा सांगितली, मी दुकानातलं सांगते. आमचं अलाइनमेंट-बॅलन्सिंगचंच काम आहे, टायर विकत नाही, त्यामुळे मला कोणाची बाजू घ्यायची नाही.

आठ भोकांचं रिम म्हणजे दोन पीसीडी एकात, १०० आणि बहुतेक वेळा १०८. स्विफ्टला १०० ची चार लागतात, ते ठीक. पण मधलं भोक बघ. स्विफ्टचं हब (ज्यावर रिम बसतं तो मधला उंचवटा) ५४ मिलिमीटरचं, बाहेरच्या रिमचं भोक बरेचदा ७३ चं असतं. मधल्या फटीत रिंग बसवावी लागते. रिंग न बसवता नुसत्या नटवर आवळलं की रिम कधीच मध्यावर बसत नाही, ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, आणि गिऱ्हाईक आमच्याकडे येऊन म्हणतं बॅलन्सिंग नीट केलं नाही. आठवड्यातून एक तरी असा येतो.

नट मारुतीचे १२ बाय १.२५ चे. ह्युंदाई-होंडाचे १.५ चे. हाताने दोन आटे जातात आणि मग अडकतात. तिथे गनने जबरदस्ती केली की स्टड, म्हणजे नट बसतो तो बोल्ट, गेला. पहिले आटे हातानेच फिरव, शेवटचं टॉर्क पान्याने, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा आवळ.

टायर घेताना साइडवॉलवर चार आकडे लंबगोलात असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. वर्षाच्या आतला घे. मागच्या महिन्यात एकाला 'नवीन' म्हणून साडेचार वर्षांचा टायर विकलेला पाहिला, रंग मारून चकचकीत. आयएसआय मार्कही बघ. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, तेव्हापासून खेळाचे मऊ टायर, योकोहामाच्या निओव्हासारखे, हव्या त्या मापात मिळतीलच असं नाही. आधी टायर मिळतो का बघ, मग त्याच्या मापाचं रिम शोध. सगळे उलटं करतात.

ट्रेडवेअर म्हणून आकडा असतो, २००, ३४०, ४२० असा. कमी आकडा म्हणजे मऊ रबर, लवकर झिजणारं. अमेरिकेत ऑटोक्रॉसच्या स्ट्रीट वर्गात २०० च्या खालचा टायर चालत नाही, म्हणून तिथले सगळे बरोबर २०० वर येऊन बसलेत. पण हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते. एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा ३०० यांची तुलना करू नको.

ट्रॅकवर पुढच्या टायरचे बाहेरचे खांदे आधी जातील. स्विफ्टला कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, फिरवायची सोय कंपनीने दिलेली नाही, पुढे मनापासून लागलास तर कॅम्बर बोल्टचं बघू. तोवर टायर पुढचे-मागचे बदलत राहा. करीला जाऊन आलास की घरी यायच्या आधी टायर दाखवून जा.

आणि हो, दुसरा सेट घेतलास तर गच्चीवर ठेवू नको. मे महिन्यात आपल्या गच्चीवर पापड तळून निघतील. जिन्याखाली, अंधारात ठेव, पण ठिणग्या उडणाऱ्या मोटरीजवळ नाही. त्या ठिणग्यांतून ओझोन निघतो, त्याने रबराला चिरा पडतात.

पोलो_त्रिमूर्तीनगर

ठीक आहे, १६ ची हट्टाने बाजू घेत नाही. रिंगचं मला माहीत नव्हतं.

पण एक कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. विम्याची पॉलिसी काढून 'वापराच्या मर्यादा' वाच. शर्यत, वेगाची चाचणी यांत झालेलं नुकसान त्यात बसत नाही. मैदानावर ठोकलीस तर खर्च तुझा, म्हणजे बाबांचा.

मानेवाडा_११९७

सगळ्यांना उत्तर एकत्रच देतो. काका, तुम्ही विचारलं म्हणून रविवारी सकाळी मैदान बघून आलो. मुरूम आहे. पूर्ण मुरूम, एका कोपऱ्यात काळी माती, आणि मधूनमधून लिंबाएवढे दगड. मी डांबरी समजून बसलो होतो. १७ घालून तिथे गेलो असतो तर काय झालं असतं ते आता कळून राहिलं.

दुकानदाराला 'नको' म्हणून सांगितलं. तो म्हणाला दोन दिवसांत दुसरं गिऱ्हाईक घेऊन जाईल. नेऊ दे.

टायरचं नाव बघून आलो, आधी कधी ऐकलेलं नव्हतं. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

तर आता मुरमावर काय? साठ हजार अजून खिशात आहेत आणि खाजवून राहिले.

जुनी_झेन

मुरूम असेल तर काम सोपं आणि स्वस्त झालं.

सैल जमिनीवर रुंद टायर वर तरंगतो. अरुंद टायर मुरूम कापत खालच्या टणक थरापर्यंत पोचतो, पकड तिथे आहे. मऊ ट्रॅकचं रबर तर तिथे नकोच, दगडांनी ठोकळेच्या ठोकळे उडतात.

स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १४ इंची लोखंडी डिस्क, म्हणजे साधं लोखंडी रिम, येते, १६५/८० आर१४. व्यास ६१९, म्हणजे तुझ्यापेक्षा दोनच मिलिमीटर कमी. लोक नवी गाडी घेतली की पहिल्या महिन्यात त्या डिस्क काढून अलॉय घालतात, आणि जुन्या चार टायरसकट कोपऱ्यात पडून असतात. चार चाकं दहा-बारा हजारांच्या वर देऊ नको. खोबणी निम्म्याहून जास्त शिल्लक असलेले बघ. बसवल्यावर जॅकवर घेऊन हाताने फिरव, ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना बघ. लोखंडी डिस्क दगडावर वाकली तर ताई हातोड्याने सरळ करून देतील. अलॉय ठोकायला गेलं तर तडकतं.

हवा मुरमावर फार उतरवू नको. २८ च्या खाली गेलास आणि कुशीवर दगड लागला की टायर रिमवरून उतरतो. पुढे ३०, मागे ३२ ने सुरू कर. मागे दोन जास्त ठेवली की मागची बाजू जरा मोकळी होते, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळायला तयार होते. पहिल्याच दिवशी चार-पाचचा फरक मात्र ठेवू नको, नाहीतर मागची बाजू तुला ओव्हरटेक करेल. काळ्या मातीच्या कोपऱ्यात आदल्या रात्री टँकरने पाणी मारलं असेल तर तिथे टायरची खोबणी भरून येते आणि टायर साबणाच्या वडीसारखा होतो. तिथे शहाणपणाने हळू जा.

मग कंपनीच्या अलॉयवर कोइम्बतूरसाठी चांगले १९५/६० घे, आणि रोजही तेच चालव. पण ट्रॅकच्या आदल्या दिवशी नवे टायर घालून जायचं नाही. निदान दोनशे किलोमीटर रस्त्यावर मुरू दे. हैदराबाद-बंगळूर करत चौदाशेच्या आसपास जायचंच आहे, आपोआप मुरतील. एवढं करून साठातले निम्मे वाचले पाहिजेत. त्यातून ब्रेक ऑइल बदल आणि पॅड चांगले घाल. करीवर पहिल्या तीन फेऱ्यांत तुला टायरआधी ब्रेक आठवतील.

मानेवाडा_११९७

आज १४ च्या चार डिस्क मिळाल्या, साडेदहा हजार, पारडीला. १६५/८०, तारीख २०२३ ची, खोबणी भरपूर. घरी आणल्या आणि जिन्याखाली ठेवता ठेवता बाबांनी पकडलं.

सगळं सांगावं लागलं. विम्याचंही सांगितलं. बाबा एसटीत मेकॅनिक होते, गणेशपेठ डेपोत, तीस वर्षं. मला वाटलं आता अर्धा तास ऐकावं लागणार. त्यांनी एक डिस्क उचलली, कडेवरून बोट फिरवलं, दुसरी उचलली, आणि विचारलं, "आणि स्टेपनी कोणती नेणार?"

काका, याचं उत्तर या धाग्यावर कोणाकडेच नाही.

जुनी_झेन

बाबांना नमस्कार सांग. बरोबर पकडलं त्यांनी.

मैदानावर १४ चे चार आणि स्टेपनी १५ ची असेल तरी दोन मिलिमीटरचाच फरक, घरी यायला चालेल. कोइम्बतूरचं वेगळं. १९५/६० घातल्यावर स्टेपनी जुन्या मापाची राहते, फरक सहा मिलिमीटर. पुढचं पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे आण आणि स्टेपनी मागे लाव. पुढच्या दोन चाकांत व्यास वेगळा असेल तर डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, सगळा रस्ताभर फिरत राहतं. पन्नास किलोमीटरला काही होत नाही, बंगळूर ते नागपूर तसंच आलास तर होतं. पंक्चर किट आणि हवा भरायचा छोटा कंप्रेसर घे, दोन्ही मिळून तीन हजारांच्या आत.

रविवारी सकाळी सहाला मैदानावर ये. ऊन चढायच्या आत हवा थंडी मोजायची आहे. खडू मी आणतो. बाबांनाही आण.

मानेवाडा_११९७

बाबा विचारून राहिले, वही आणणार का?

जुनी_झेन

आणतो.